नित्यलेखनाची सोय

समर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान जांब हें आमच्या जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. शके १५३० (इ. स. १६०८) च्या रामनवमीस समर्थ तेथें ठोसरांच्या घरीं जन्मास आले. उत्सवास आमचें जाणें पुष्कळदां होतें, आणि दर्शन घेऊन सभामंडपांत टेकलों कीं दासबोधांतील एकच स्थळ मनांत घोळूं लागतें. तें भक्तीविषयीं नाहीं कीं ब्रह्मज्ञानाविषयीं नाहीं. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बोरू, शाई, टांक तोडण्याच्या रीति, रेघा आंखणें, यांविषयीं समर्थ तेथें सांगतात. अक्षर वाटोळें आणि मोकळें असावें. तरुणपणीं काढलेलें फार बारीक अक्षर म्हातारपणीं कामास येत नाहीं. पानाच्या भोंवतीं कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास धक्का पोंचत नाहीं. पोथीस बासन हवें, पेटी हवी, कुलूपहि हवें.

अध्यात्माच्या ग्रंथांत ही दौतीलेखणीची उठाठेव कशाला, असें विद्यार्थिदशेंत आम्हांस वाटे. पुढें स्वतः मुलांस निबंध लिहावयास बसविण्याचा प्रसंग वर्षानुवर्षें आला, तेव्हां उलगडा झाला. वर्गांत आधीं लिहूं लागतो तो बुद्धिमान मुलगाच असतो असें नाहीं. ज्याची वही दप्तरांत वरच असते आणि पेनांत शाई असते, तो लिहूं लागतो. पेन्सिलीस टोंक करावयाच्या निमित्तानें उठलेला मुलगा खिडकींतून बाहेरची बैलगाडी पाहत उभा राहतो, आणि तोंवर त्याला सुचलेलें पहिलें वाक्य निघून गेलेलें असतें.

हें मुलांस शिकविलें. स्वतः मात्र शिकलों नाहीं, आणि त्याची किंमत मोठी पडली.

आमच्या मातोश्रींस जात्यावरच्या ओव्या उदंड येत. घरांतील जातें पिठाच्या गिरणीनें केव्हांच कोपऱ्यांत बसविलें होतें. परंतु गहूं निवडतांना, वाती वळतांना त्यांच्या तोंडीं ओवी येई. कांहीं ओव्या त्यांच्या माहेरच्या, अंबड भागांतल्या. कांहीं त्यांनीं स्वतःच रचलेल्या असाव्या. सेवानिवृत्त होतांच आम्हीं निश्चय केला कीं हें सर्व टिपून घ्यावयाचें. त्यासाठीं जालन्याच्या बाजारांतून चामडी बांधणीची जाड वही आणली, नवें पेन घेतलें. वही चांगली, म्हणून ती कपाटांत ठेवली. कपाटास कुलूप लावलें. ओवी ऐकूं आली कीं आम्ही किल्ली शोधावयास जात असूं, मग चष्मा, मग मेज. सर्व सिद्धता करून समोर बसावें तों मातोश्री म्हणत, “आतां काय म्हटलं ते आठवत नाहीं रे बाबा.” मग वाटे, उद्यां स्वस्थपणें बसूं. त्या गेल्या तेव्हां वहींत अकरा ओव्या होत्या.

समर्थांचें कुलूप पुऱ्या झालेल्या पोथीसाठीं होतें. आम्हीं तें कोऱ्या वहीस लावलें!

अँथनी ट्रोलॉप नांवाचा एक इंग्रज कादंबरीकार गेल्या शतकाच्याहि मागील शतकांत होऊन गेला. नोकरी टपालखात्यांतली, तरी त्यानें सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपांचास तो मेजापाशीं असे आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास अडीचशें शब्द लिही. त्याच्या आत्मचरित्रांत (१८८३) आम्हांस अधिक गोड वाटलें तें निराळेंच. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठीं त्यानें म्हाताऱ्या मोतद्दारास वर्षास पांच पौंड जास्त देऊं केले होते, आणि आपल्या यशाचें श्रेय तो मोकळेपणानें त्या मोतद्दारास देतो. इतरांनीं तें प्रतिभेस दिलें असतें.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत शहाण्णव माणसांच्या नव्या संवयी पाहिल्या. फळ खाणें, पाणी पिणें, चालणें अशा त्या साध्या होत्या. संवय अंगवळणीं पडण्यास कोणास अठरा दिवस पुरावे, तर कोणास दोनशें चौपन्न लागावे असें दिसलें. मध्यम मान सहासष्ट दिवसांचें. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंहि आढळलें. नेम मोडला म्हणून वहीच मिटणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दासबोधाचे समास दोनशें. रोज एक वाचणाराचा ग्रंथ सात महिन्यांच्या आंत पुरा होतो, आणि मध्यें दोन दिवस प्रवासांत गेले तरी समास कोठें पळून जात नाहींत.

मातोश्रींच्या वर्षश्राद्धानंतर आम्हीं शंभर पानी शाळेची वही आणली. स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं खिळा ठोकून ती दोरीनें टांगली, आणि दुसऱ्या दोरीनें पेन्सिल. नेम एवढाच कीं दिवसास एक ओळ लिहावयाची, उभ्यानें लिहिली तरी चालेल. पहिल्या महिन्यांतील ओळी पाहवत नाहींत. ‘आज कांहीं नाहीं’ हेंच सात वेळां लिहिलेलें आहे. एका पानावर तर दुधाचा हिशेब आहे. तरीहि तो आम्हीं खोडला नाहीं. पुढें हळूहळू मातोश्रींचें एकेक वाक्य, एखाद्या ओवीचा पहिला चरण, असें आठवूं लागलें. अर्ध्या ओव्या अर्ध्याच राहिल्या आहेत.

अंबडास आमची मावशी असते, वयानें मातोश्रींहून पुष्कळ लहान. तिला सांगून ठेवलें आहे कीं कांहीं आठवलें तर रात्र असो, दिवस असो, दूरध्वनि करावा. गेल्या पंधरवड्यांत तिनें केला तेव्हां आम्ही देवळांत होतों. सूनबाई पुरणपोळी लाटीत होत्या. त्यांनीं तशाच हातानें पेन्सिल धरली आणि ओवी उतरून घेतली. मातोश्रींच्या अर्ध्या राहिलेल्यांपैकीं एकीचे पुढचे चरण त्यांत निघाले. पानावर कणकेचीं बोटें उमटलीं आहेत. ‘माहेर’ शब्दावर तेलाचा डाग पडला आहे. आम्हीं परत आल्यावर ती ओवी दोनदां वाचली आणि वही पुन्हां खिळ्यास अडकविली.