गोवर येतो-जातो म्हणू नका. बाळाचे कार्ड काढून पाहा

"गोवर काय, प्रत्येक पोराला एकदा येतोच. येईल आणि जाईल!" असे आपल्या वस्त्यांतून आजही ऐकू येते. ताप चढला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो आणि 'देवी आली' म्हणून दवाखाना टाळला जातो. मायबहिणींनो, २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवरची साथ आली आणि लहान मुले दगावली. त्यांतील बहुतेकांना लस टोचलेली नव्हती.

गोवर हा कोणाचा कोप नव्हे. तो विषाणूमुळे होतो आणि खोकल्या-शिंकांतून पसरतो. लस न घेतलेली दहा मुले रोग्याच्या सहवासात आली तर नऊ जणांना तो गाठतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो इतरांना देऊ लागते. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, डोळे जाऊ शकतात. शिवाय इतर रोगांशी लढण्याची शरीराने कमावलेली ताकदही गोवर पुसून टाकतो.

मग लस काय करते? लसीत दुबळा केलेला विषाणू असतो. तो मुलाला आजारी पाडत नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख करून देतो. ही ओळख शरीर विसरत नाही. पुढे खरा रोग आला की प्रतिकार ताबडतोब सुरू होतो.

तान्ह्या बाळाला आईकडून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. एका मात्रेने सर्वच मुलांना संरक्षण मिळत नाही; दुसरी म्हणूनच चुकवू नये.

"पहिल्या सुईने ताप आला, आता दुसरी नको," असे अनेक आया म्हणतात. एक-दोन दिवसांचा ताप म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण आहे. मजुरी बुडते, हेही आम्ही जाणतो. परंतु गोवर झालेल्या लेकराला घेऊन इस्पितळात काढलेले दिवस त्याहून कितीतरी महाग पडतात.

शंभरातील ९५ मुलांनी दोन्ही मात्रा घेतल्या तर साथीला वाट उरत नाही. मग लसीचे वय न झालेले शेजारचे तान्हे बाळही वाचते. पोलिओचे उदाहरण समोर आहे. घरोघरच्या मायबापांनी लेकरांना थेंब पाजले, म्हणून २०११ च्या जानेवारीनंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे आटोपल्यावर ट्रंकेतले कार्ड काढा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. एखादी मात्रा राहिली असेल तर संकोच करू नका. गोवरची लस पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आशाताईंना विचारा आणि शेजारणीलाही सोबत न्या.