धाकट्याचे दूध आणि थोरल्याची खोडी

दीड ते तीन वर्षांच्या चळवळ्या मुलाच्या घरात धाकटे भावंड आले, की थोरल्याला दिवसभर कशात रमवावे या विवंचनेत खेळण्यांची खरेदी वाढते. परंतु बालविकासाच्या अभ्यासातून पाहता हा प्रश्न करमणुकीपेक्षा आईच्या लक्षाच्या वाटणीचा अधिक आहे. नवजात बालकाला चोवीस तासांत साधारणपणे ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते, म्हणजे तेवढ्या वेळा आई थोरल्याच्या डोळ्यांदेखत एका जागी बसते आणि तिचे हात दुसऱ्याच्या मालकीचे होतात.

केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांचे घरी जाऊन निरीक्षण केले, तेव्हा आई बाळात गुंतलेली असताना थोरल्याशी उडणारे खटके वाढतात असे त्यांना आढळले. मात्र त्याच वेळांत आई आणि थोरल्यामधील जिव्हाळ्याच्या देवाणघेवाणीतही वाढ दिसली, आणि हा दुसरा निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की पाजण्याची वेळ केवळ खोडीची नसून, पाण्याचा पेला, गोष्टीचे पुस्तक आणि दोन-तीन वस्तू आधीच हाताशी ठेवल्या तर, ती थोरल्याच्या हक्काचीही होऊ शकते.

ही तयारी आधी करावी लागते याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे. मनात आलेली कृती रोखून धरण्याची क्षमता, म्हणजेच आत्मनियंत्रण, कपाळामागील मेंदूच्या भागावर बरीचशी अवलंबून असते आणि हा भाग पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. शिवाय दोन वर्षांच्या मुलाला काळाचे मोजमाप नसल्यामुळे ‘पाच मिनिटांनी येते’ या आश्वासनातून त्याला फक्त नकार कळतो. सुटलेली सवय पुन्हा लागणे, म्हणजे प्रतिगमन, धाकटे आल्यानंतरच्या काळात दिसते: शी-शू सांगणारे मूल कपडे ओले करते किंवा बाटली मागते. त्यावर रागावून फारसे साधत नाही, आणि बहुतेक मुलांत हा टप्पा आपोआप ओसरतो.

खेळण्यांच्या संख्येबाबत टोलेडो विद्यापीठातील संशोधकांचा २०१८ सालचा प्रयोग उद्बोधक आहे. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांपुढे एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी ठेवली असता, कमी खेळण्यांच्या वेळी मुले एकेका वस्तूत अधिक काळ रमली आणि तिचे अधिक प्रकारे उपयोग करू लागली. त्यामुळे निम्म्याहून अधिक खेळणी माळ्यावर टाकून ती आठवड्याने पालटावीत, हा उपाय नव्या खरेदीपेक्षा शहाणपणाचा ठरतो. ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालशिक्षणात महागड्या साधनांऐवजी परिसरातील स्वस्त वस्तू वापरल्या, तेच तत्त्व घरातही लागू पडते. कणकेचा गोळा, झाकणाचे डबे, वाट्या-चमचे यांत हाताला काम आणि मनाला शोध दोन्ही असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या शिफारशींनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी. दोन खोल्यांच्या घरात ती उशांचे डोंगर चढण्यातून, गाण्यावर नाचण्यातून आणि संध्याकाळच्या फेरीतून साधते. मोबाइल हा शांततेचा सर्वांत सोपा उपाय असला, तरी भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडदा टाळण्यास आणि पाच वर्षांपर्यंत तो तासाभरात आटोपण्यास सांगते. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सवलत नाही: थोरल्याला बाळाजवळ क्षणभरही एकटे सोडू नये, कारण माया करतानाही तो शेंगदाणा भरवू शकतो किंवा तोंडावर दुपटे टाकू शकतो.

डन आणि केंड्रिक यांच्याच अभ्यासात, ज्या घरांत आई बाळाच्या भुकेविषयी व रडण्याविषयी थोरल्याशी बोलत असे, तेथे भावंडांचे नाते पुढे अधिक स्नेहाचे दिसले. लंगोट आणून देणे, झबले निवडणे ही कामे या संवादाला निमित्त पुरवतात. बाळंतपण माहेरी असेल, तर थोरल्याचे घर, अंथरूण आणि बहुधा वडीलही एकाच वेळी दुरावतात. अशा वेळी आजी-आजोबा मायेपोटी त्यालाच सतत बाहेर फिरवून आणतात, परंतु दूध पिऊन झालेले बाळ आजीने मांडीवर घ्यावे आणि तेवढा वेळ आईने थोरल्याजवळ बसावे, ही अदलाबदल अधिक उपयोगी असूनही फार कमी घरांत सुचते.