गौर माहेरी येते

पावसाचा जोर ओसरला, शेतातील भांगलण उरकली, की निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या गावांत गणपतीची चाहूल लागते. बेळगावात झेंडा चौकातील सार्वजनिक गणपतीची परंपरा लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ साली सुरू झाली. रस्त्यावरचा तो उत्सव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु घरातील उत्सव त्याहून कितीतरी जुना. आणि घरातील बायकांच्या लेखी त्याची खरी शोभा गणपतीमागून गौर येते तेव्हाच. गणपती हा घरचा पाहुणा असतो. गौर मात्र घरची लेक असते. एवढा भेद ध्यानी घेतला म्हणजे या सणातील प्रत्येक रीतीचा अर्थ उलगडू लागतो.

गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीस बसतो. त्याची तिथी ठरलेली. गौर मात्र तिथीने येत नाही, ती नक्षत्राने येते. चंद्र रोज सुमारे एक नक्षत्र ओलांडतो. अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ ही लागोपाठची तीन नक्षत्रे. पहिल्यावर गौरीचे आवाहन, दुसऱ्यावर पूजन आणि तिसऱ्यावर विसर्जन. म्हणूनच तिला ज्येष्ठा गौरी असे म्हणतात. तिथी आणि नक्षत्र यांचा मेळ दरवर्षी सारखा बसत नसल्यामुळे गौर कधी गणपतीनंतर दोन दिवसांनी येते, तर कधी चार दिवसांनी. २०२१ साली गणपती १० सप्टेंबरला बसला आणि गौर १२ तारखेस आली. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसला, गौर मात्र ३१ तारखेस आली.

गौर येते ती पाणवठ्यावरून. नदी, तळे किंवा विहीर, जे जवळ असेल तेथे मुली आणि सुवासिनी जातात. कोणाकडे तेरड्याची रोपे म्हणजे गौर, कोणाकडे पाण्याकाठचे पाच-सात खडे, तर कोणाकडे पितळेचे अथवा मातीचे मुखवटे. रूप कोणतेही असो, स्वागत एकच. उंबऱ्यावर तिचे पाय धुतात, दारापासून आतपर्यंत कुंकवाची किंवा रांगोळीची पावले काढतात. मग तिला सारे घर हिंडवून दाखवितात: चूल, धान्याची कणगी, दुभत्याचे फडताळ, दागिन्यांची पेटी. वर्षाने आलेल्या लेकीला घरचे बरे चालले आहे हे दाखवावे, तसाच हा प्रकार.

नैवेद्यातही हाच भाव आहे. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी; वाट चालून दमून आलेल्या मुलीला आधी घरचे साधे जेवण हवे असते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि भाज्यांची रेलचेल; रात्री झिम्मा, फुगडी आणि गाणी. सीमेवरच्या या पट्ट्यात मोदकाच्या शेजारी कडबूही ताटात असतो. हा शब्द कानडी मुलखातील; पण तो परका आहे हे खाणाऱ्याच्या मनातही येत नाही. कोल्हापूरकडे गौरीच्या पाठोपाठ शंकरोबाही येतो. लेकीला न्यावयास जावई आला, की निरोपाची वेळ जवळ आली हे सांगावे लागत नाही. तिसऱ्या दिवशी दहीभात घालून गौरीची बोळवण करतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे डोळे ओलावतात ते केवळ देवीसाठी नव्हे.

दक्षिणेकडे, जुन्या म्हैसूरच्या मुलखात, गौर गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेस येते. तिला स्वर्णगौरी म्हणतात. त्याच तिथीस मराठी घरांत हरितालिकेचा उपवास असतो. म्हैसूरकडे या दिवशी माहेरची माणसे लेकीला सुपात घालून वाण पाठवितात. त्यास बागिन असे नाव आहे. इकडे नव्या सुना सुपात फळे, भाज्या आणि पाने मांडून गौरीचा ववसा करतात. दिवस वेगळे, भाषा वेगळी. परंतु सूप तेच, आणि त्यामागची माहेरची आठवणही तीच.

या भागात माहेराच्या वाटेवर एक सीमारेषाही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका तेवढा कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. म्हैसूरचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, आणि सीमेचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. सोयरिकी मात्र जुन्या वाटांनीच होत राहिल्या. निपाणीची मुलगी कागलला, गडहिंग्लजची संकेश्वरला, चंदगडची बेळगावला. एरवी ही सीमा लेकींना फारशी जाणवत नाही. परंतु २०२१ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यास कोगनोळी नाक्यावर करोना चाचणीचा दाखला दाखवावा लागे. आणि नदीवरून घरी येणाऱ्या गौरीची वाट मोकळी असता, कागलहून निपाणीस येणाऱ्या लेकीला मात्र कागद दाखवावा लागला.

परंतु लेकीची वाट अडविणारी आणखी एक रेघ आहे, आणि ती कोणत्याही नकाशावर नाही. ज्या घरी गौर येते त्या घरची सून ही दुसऱ्या घरची लेक असते. तिची आईही त्याच दिवशी दाराकडे डोळे लावून बसलेली असते. आणि सून मात्र सासरच्या चुलीपुढे पुरण शिजवीत असते. मातीच्या मुखवट्याला माहेरपण लाभावे, आणि त्याच्यापुढे राबणारीला ते लाभू नये, ही विसंगती अनेकांच्या ध्यानीही येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. निपाणी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. पूजनाचा दिवस सासरी करून विसर्जनानंतर सुनेला दोन दिवस माहेरी धाडता येते. पोळ्या लाटावयास घरातील पुरुषांनी हात लावल्यास नैवेद्य उणा ठरत नाही. नोकरीमुळे सुटी कमी मिळते, घरे लहान झाली, आरास थोडी करावी लागते. त्याने सणाचे काही बिघडत नाही. परंतु लेकीला बोलावणे धाडले नाही, किंवा सुनेला जावयास मोकळीक दिली नाही, तर मखर कितीही सुंदर असो, गौर घरी आली असे म्हणता येणार नाही.