सुवर्णपदक मिळालं, मग पुढे काय? मार्क लेंझीची गोष्ट

"पहिली मोठी ऑर्डर पूर्ण झाली, आता काय?" या आठवड्याच्या व्हिडिओत मार्क लेंझीचं नाव घाईघाईत घेतलं होतं. आज जरा सविस्तर.

लेंझी अमेरिकेतल्या फ्रेडरिक्सबर्गचा. शाळेत कुस्ती खेळायचा, आणि उत्तम खेळायचा. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगेनिसला पाण्यात सूर मारताना टीव्हीवर पाहिलं आणि ठरवलं, आपण हेच करायचं. वय १६, म्हणजे या खेळात उशीरच. वडिलांना कुस्ती सोडणं पटेना, घरात भांडण झालं. ("चांगली नोकरी सोडून मसाल्याचा धंदा?" हे तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय!)

पुढे इंडियाना विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. तिथे हॉबी बिलिंग्जली हे नावाजलेले प्रशिक्षक. १९८९ आणि १९९० मध्ये एक मीटरच्या स्प्रिंगबोर्डवर तो अमेरिकेतल्या विद्यापीठांचा विजेता ठरला.

आता या खेळाचा हिशोब समजून घ्या, कारण तो आपल्या कामाचा आहे. परीक्षक ० ते १० गुण देतात आणि त्यांना उडीच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणतात. सोपी उडी कितीही सफाईने मारा, गुणांना मर्यादा येते. अवघड उडी फसली तर गुणाकार तरी कशाचा करणार? शिवाय कुठल्या उड्या मारणार ती यादी आधीच द्यावी लागते, फळीवर चढल्यावर "आज दुसरंच काही करतो" चालत नाही. महागडा माल भरला म्हणजे नफा झाला असं मानणाऱ्यांनी हा गुणाकार भिंतीवर लावावा. लेंझीला दोन्ही जमलं. १९९१ मध्ये एका उडीत १०० च्या वर गुण मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला.

१९९२, बार्सिलोना. तीन मीटर स्प्रिंगबोर्डवर ६७६.५३ गुण आणि सुवर्ण. चीनचा तान लियांगदे ६४५.५७ गुणांवर, सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये रौप्य!

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. जाहिराती, करार, नाव, यातलं फारसं काही आलं नाही. लेंझी नैराश्यात गेला. खेळ सोडला, विमान चालवायला शिकला. आठ वर्षं एकाच तारखेकडे बघत जगला होता, त्यानंतरची पानं कोरी होती. मला तर यात त्याचा आळस दिसत नाही. दिवाळीची ऑर्डर संपल्यावर तुळशीच्या लग्नापर्यंत हातावर हात ठेवून बसलेले फराळवाले मी पाहिलेत. तुमची पुढच्या ऑर्डरची वही आत्ता, गडबड चालू असतानाच उघडा.

१९९५ मध्ये तो परत फळीवर आला. खांदा दुखावलेला, तरी १९९६ ला अटलांटात कांस्य. मग प्रशिक्षक झाला. २०१२ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी तो गेला, तेव्हा ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात पोरांना उड्या शिकवत होता.