धरणाची थंडी

अमेरिकेत, ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ साली पाणी अडवायला सुरुवात झाली. तोवर ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी कोलोरॅडो नदी उन्हाळ्यात कोमट नि गाळाने तांबडी असे, तर हिवाळ्यात गोठणबिंदूच्या आसपास उतरे. धरणानंतर त्यामागच्या पॉवेल जलाशयाच्या खोल थरातलं पाणी खाली येऊ लागलं. वर्षानुवर्षं ते ८ ते १२ अंशांवरच राहिलं. गाळ जलाशयातच बसला, नदी हिरवी नितळ झाली, आणि बाहेरून आणलेले ट्राउट मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींची चंगळ झाली.

हंपबॅक चबची मात्र कोंडी झाली. डोक्यामागे कुबड आणि बारीक डोळे असलेला हा मासा गढूळ, वेगवान पाण्यातला. विणीसाठी त्याला साधारण १६ अंशांची ऊब लागते. रॉबर्ट रश मिलर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं १९४६ मध्ये. तेव्हा खालच्या अंगाला हूवर धरण होऊन दहा वर्षं उलटली होती. देशी माशांची तेव्हा सरकारदरबारी किंमत काय होती? १९६२ मध्ये ग्रीन या उपनदीच्या शेकडो किलोमीटर पात्रात रोटेनोन हे विष ओतलं गेलं, खेळाच्या माशांना जागा करून द्यायला. पाचच वर्षांनी चब संकटग्रस्त यादीत आला. सहा फुटांपर्यंत वाढणारा पाइकमिनो हा दुसरा देशी मासा तर ग्रँड कॅन्यनमधून नाहीसाच झाला.

चब तगला तो लिटल कोलोरॅडोमुळे. होपी आणि नावाहो लोकांना पवित्र असलेली ही उपनदी चुनखडीच्या झऱ्यांनी निळसर दिसते, आणि ग्लेन कॅन्यनचं थंड पाणी तिच्यात शिरत नाही. अभ्यासकही तिथेच जाळी लावतात. सामान हेलिकॉप्टरने दरीत उतरतं. सापडलेला मासा मोजून त्याच्या अंगात बारा मिलिमीटरची काचेची पिट टॅग (ओळखक्रमांकाची चिप) बसवतात आणि त्याला सोडून देतात. पुढच्या खेपेला जाळ्यात खुणेचे किती, बिनखुणेचे किती, या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज निघतो. चब तीस वर्षांहून अधिक जगू शकतो, म्हणून एकेका माशाची कुंडली बरीच लांबते. माझ्या मते यातलं खरं धन हेच: एकाच जिवाची पुनःपुन्हा झालेली भेट.

या नोंदींतून सुधारणा दिसली आणि २०२१ मध्ये चबचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘धोक्यात’ असा सौम्य झाला. पण दुष्काळाने जलाशय खाली गेला, तसं वरच्या थरातलं ऊबदार पाणी जनित्रांच्या तोंडाशी आलं. चबला हवी तीच ऊब! पण तिच्यासोबत जलाशयातला स्मॉलमाउथ बासही धरणाखाली पोचला, आणि २०२२ मध्ये त्याची पिल्लंही सापडली. हा मासा चबची पिल्लं फस्त करतो. इतकी वर्षं थंडीच त्याला अडवत होती.

मग २०२४च्या उन्हाळ्यात धरणाच्या आणखी खालच्या नळांतून मुद्दाम थंड पाणी सोडण्यात आलं. या नळांवर जनित्रं नाहीत, त्यामुळे तितकी वीज बुडते आणि वीजवाले कुरकुरतात. थंडीत चबही हळू वाढतो. तरीही त्याच्यासाठी झगडणारे अनेक जण आज थंड पाण्याचीच मागणी करताहेत.