डब्यातील चिठ्ठी : वाचनाचा एक घरगुती पाठ

मधल्या सुट्टीची घंटा होते. मुले हात धुऊन ओळीने बसतात आणि डबे उघडू लागतात. पहिलीतील एखाद्या मुलाच्या डब्यावर, रुमालाच्या घडीत, कागदाचा लहानसा तुकडा असतो. त्यावर ‘अमर, फणस बघ’ एवढेच तीन शब्द लिहिलेले असतात. मूल अक्षरांवर बोट ठेवते, ओठ हलविते, क्षणभर थांबते आणि एकाएकी हसते. त्या क्षणभरात त्याच्या मनात घडलेली क्रिया दिसते तेवढी साधी नाही.

बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते. वाचणे मात्र त्याला शिकवावे लागते. लेखनकलेचा उगम सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे बोलीच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. वाचू लागणारे मूल अक्षराच्या आकाराला ध्वनी जोडते, ध्वनी एकत्र करते आणि त्यांतून आपल्या ओळखीचा शब्द शोधून काढते. ‘फणस’ या शब्दाच्या तिन्ही अक्षरांत ‘अ’ हा स्वर आहे. पण मराठी उच्चारात शेवटच्या अक्षरातील ‘अ’ लोप पावतो. फ, ण, स अशी सुटी अक्षरे म्हणणाऱ्या मुलाला हा बदल स्वतःच करावा लागतो. शब्द घरात ऐकलेला असेल, तरच ते त्याला साधते. म्हणून चिठ्ठीची भाषा मुलाच्या घरातील बोलण्याची असणे इष्ट होय.

इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये असे प्रतिपादन केले की, मूल नवा शब्द स्वतः उलगडून वाचते तेव्हा त्याचे लेखनरूप मनात ठसत जाते. जणू प्रत्येक यशस्वी वाचन हा स्वयंशिक्षणाचा पाठच होय. १९९९ मध्ये त्यांनी दुसरीच्या मुलांकडून हिब्रू भाषेतील छोट्या गोष्टी वाचून घेतल्या. गोष्टींत अपरिचित शब्द मोजक्याच वेळा आले होते; तरीही तीन दिवसांनंतर मुलांना त्यांचे अचूक लेखन ओळखता आले. डब्यातील चिठ्ठीचे मर्म हेच आहे. तेथे शिक्षक जवळ नसतो, परीक्षा नसते. मूल एकटेच वाचते आणि अर्थ लागल्याचा आनंदही त्याचाच असतो.

मात्र चिठ्ठी मुलाच्या आवाक्याबाहेरची असेल, तर परिणाम उलटा होतो. वाचता न आलेला कागद मित्रांदेखत लपवावा लागतो आणि वाचनाविषयी मनात भीती बसते. म्हणून वर्गात जेवढी अक्षरे शिकवून झाली असतील, तेवढ्यांतच शब्द निवडावेत. आरंभी काना-मात्रा नसलेले शब्द घ्यावेत. पुढे ‘आज गाजर खा’ असा काना यावा. ऱ्हस्व वेलांटी सावकाश आणावी. ‘मिरची’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘म’च्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार ‘म’नंतर होतो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांचा अभ्यास केला, तेव्हा अशा शब्दांच्या वाचनास अधिक वेळ लागतो असे दिसून आले. जोडाक्षरांची पाळी सर्वांत शेवटी : ‘डब्यात चिक्की आहे. कोणाला देशील?’ अशा प्रश्नाचे उत्तर मूल संध्याकाळी घरी घेऊन येते.

आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. समोर गाजर दिसत असता मूल ‘गाजर’ हा शब्द वाचीत नाही, तर्काने सांगते. म्हणून चिठ्ठी डबा उघडण्यापूर्वी हाती पडावी आणि तिच्यात खालच्या कप्प्यातील वस्तूचे नाव असावे. मग वाचन आधी होते आणि त्याची पडताळणी डबाच करतो. अक्षरे मोठी व सुटी काढावीत. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा वेगळी ठेवावी, म्हणजे शब्द कोठे संपला हे कळते. शाईचा अन्नाला स्पर्श होऊ देऊ नये. ‘डबा संपव’ असा हुकूम किंवा अभ्यासाची आठवण चिठ्ठीत नसावी. मुलाला ती पुन्हा पुन्हा हवीशी वाटली पाहिजे.

आपल्या देशातील असंख्य मुले शाळेतच शिजविलेले अन्न जेवतात. त्यांची चिठ्ठी दप्तरात किंवा खिशात ठेवता येते. जेथे आईवडिलांना लिहिता येत नाही, तेथे थोरली बहीण वा भाऊ दोन शब्द लिहू शकतो. भारतीय लिप्यांत अक्षरांची संख्या मोठी असल्याने घाई करून चालत नाही. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कन्नड शिकणाऱ्या मुलांचे अक्षरज्ञान प्राथमिक शाळेतील अनेक वर्षे वाढत राहते असे आढळले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या राष्ट्रीय कार्यक्रमानेही तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे ध्येय ठेवले आहे. तिसरीनंतर पुस्तके वाचून इतर विषय शिकावयाचे असतात. ज्याला वाचता येत नाही, तो सर्वच विषयांत मागे पडतो. ते अंतर एकट्या चिठ्ठीने भरून निघणार नाही. परंतु वर्गात शिकलेले अक्षर आपल्या घरच्या माणसाचा निरोपही सांगू शकते, हे मुलाला तीन शब्दांत उमगते. आणि वाचावे कशासाठी, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.