पुरलेल्या रोजनिशा

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे दप्तरे, बखरी, शिलालेख येतात. पण जो कागद सापडला तर लिहिणाऱ्याच्या जिवावर बेतावे, त्याची जात वेगळी. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेविषयी वाचताना मला ती प्रकर्षाने जाणवली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. पुढे जपान्यांनी ६०,००० हून अधिक दोस्त युद्धकैदी ४१५ किलोमीटरच्या या लोहमार्गावर राबवले. उपासमार, पटकी, हिवताप आणि मारहाण यांनी त्यांतले १२,००० हून अधिक मेले. छावण्यांतून नोंदी ठेवायला मनाई होती. झडतीत कागद सापडला की जबर मार ठरलेला.

तरीही कैद्यांनी लिहिले, रेखाटले. ब्रिटिश चित्रकार रोनाल्ड सर्ल आपली चित्रे पटकीच्या रुग्णांच्या अंथरुणाखाली लपवी. त्यातली युक्ती साधी होती: संसर्गाच्या धास्तीने पहारेकरी तिकडे फिरकत नसत. जॅक चॉकर बांबूच्या पोकळीत आणि झोपडीच्या छपरात कागद दडवी. त्याने जखमा, व्रण आणि बांबूपासून बनवलेली वैद्यकीय साधने रेखाटली. ऑस्ट्रेलियन शल्यविशारद एडवर्ड डनलॉप यांनी चोरून ठेवलेल्या रोजनिशा १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आल्या.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती ब्रिगेडियर आर्थर व्हार्ली यांची रोजनिशी. ब्रह्मदेशाच्या बाजूच्या कैद्यांचे हे ऑस्ट्रेलियन प्रमुख. १९४४ मध्ये तिथून हलवले जाण्यापूर्वी त्यांनी ती पुरून ठेवली. सप्टेंबरात त्यांना जपानकडे नेणारे जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवले. जहाजावर कैदी आहेत, हे पाणबुडीवाल्यांना ठाऊक नव्हते. व्हार्ली परतले नाहीत. रोजनिशी मात्र युद्धानंतर जमिनीतून वर आली.

अशा नोंदींचा पहिला उपयोग इतिहासकाराला नव्हे, मृतांच्या घरच्यांना झाला. कोण, कुठे, कधी पुरला, याच्या याद्या कैद्यांनी जपल्या होत्या. त्यांच्या आधारे १९४५ च्या सप्टेंबरात एक शोधपथक लोहमार्गाने निघाले. त्याला १४४ दफनभूमींत १०,००० हून अधिक थडगी सापडली. आज कांचनबुरीच्या एकाच दफनभूमीत सुमारे ७,००० सैनिक विसावले आहेत. बहुतेकांच्या शिरावर नाव आहे.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. याच मार्गावर मलाया, जावा आणि ब्रह्मदेशातले आशियाई मजूरही लाखांवर राबले. मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ त्यांत फार मोठ्या संख्येने होते. ते युद्धकैद्यांच्या कैक पटींनी मेले. किती, याचे आकडे अंदाजानेच सांगावे लागतात. सैनिकांजवळ पलटणीची शिस्त होती, हजेरीपट होते, लिहिणारे अधिकारी आणि डॉक्टर होते. मजुरांच्या तांड्यांत बायकापोरेही होती, पण त्यांची यादी ठेवणारे कोणी नव्हते. त्यांना सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले आणि त्यांचा शोध घेत कोणतेही पथक फिरले नाही.

म्हणून या गुप्त नोंदी वाचताना मी त्यांना केवळ धैर्याच्या कथा मानत नाही. अंथरुणाखाली दडवलेल्या एका कागदाने मृत माणसाचे नाव वाचते. तो कागद नसला की माणूस आकड्यात जातो, आणि तो आकडाही धड उरत नाही.